पिवळी रेघ

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. माझी पाठ चिकटपट्टीच्या जिवावर टिकून आहे आणि पाने सुटी झाली आहेत. म्हणून मित्रांनो, बोलता बोलता मी मध्येच तुटले तर सांभाळून घ्या.

माझ्यातला नवरा फार गोड बोलतो आणि गुपचूप बायकोच्या वस्तू हलवतो. बिचारीला वाटते, आपल्यालाच वेड लागले. नवी होते तेव्हा वाचकांच्या अंगावर काटा यायचा. पुढे सांगवीच्या एका वाचनालयात मी धूळ खात पडले. ते बंद झाले, तेव्हा चिखलीच्या मंजुषाने मला घरी आणले.

मंजुषा चाकणच्या एका कंपनीत तपासणीचे काम करते. कंपनीच्या बसमध्ये ती मला वाचायची. रस्ता तुंबला की बाकीचे वैतागत, ती म्हणे, "तुंबू दे की!"

एके दिवशी घरी तिचा चष्मा जागेवर सापडेना. साखरेचा डबाही सापडेना. तिचा नवरा रणजीत हसून म्हणाला, "विसरली असशील गं."

हेच वाक्य माझ्यात आहे! मंजुषाने मला फाडकन मिट—

(सुटे पान सापडले.)

—ले.

कंपनीत नट आवळला की त्यावर पिवळी रेघ मारतात. नट हलला तर रेघ तुटते. मंजुषाने तो मार्करच घरी आणला. डबे, किल्ल्या, कुकर, देवघरातली घंटासुद्धा! अर्धी रेघ वस्तूवर, अर्धी खाली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघते तर एकही रेघ जुळेना. तिने बॅग भरायला घेतली.

"मी चालले राजगुरुनगरला, आईकडे. माझ्या वस्तू कोण हलवतं ते आधी सांगा!"

रणजीत भिंतीला चिकटला. त्याच्या कपबशीवरही रेघ होती. "तू सांग, या खुणा कसल्या? मीही चोरून वाचलंय ते पुस्तक. शेवटी ती बायकोच चहात—"

"शेवट सांगू नका!" मंजुषा किंचाळली.

तेवढ्यात सासूबाई, आक्काबाई, फडके घेऊन आल्या. "आगं, डबं मीच हलवते. वट्टा पुसायचा न्हाई व्हय? आन् चष्मा त्यो काय, फ्रीजवर. या पुस्तकानं सोन्यासारखा संसार मोडला असता!"

बॅग रिकामी झाली. मला डुगडुगणाऱ्या वॉशिंग मशीनच्या पायाखाली ढकलले. पुन्हा मोह नको म्हणून मंजुषाने माझ्यावरही पिवळी रेघ मारली.

मित्रांनो, पुस्तक ओझ्याखाली घालू नका. त्याचा जीव घुसमटतो. हातात घेतलेत तर शेवटापर्यंत वाचा. अर्ध्यावर सोडलेले पुस्तकच माणसाला छळते.

माझे मात्र बरे चालले आहे. दुपारी दोघे कामावर गेले की आक्काबाई मशीन मांडीने रेटतात, मला ओढून काढतात आणि ओठ हलवत वाचतात. "मुडद्या, लई ग्वाड बोलतोस," असे माझ्यातल्या नवऱ्याला सुनावतात. मग मला परत ठेवतात.

रेघ अजून तंतोतंत जुळते.