तिकटीवर सापडलेली वाटी

मी सुलाबाईची वाटी बोलतेय. साधी स्टीलची, पण पोटावर ठळक कोरलेलं आहे : 'सुलाबाई केरबा पुकळे'. आटपाडीच्या दुकानात यंत्रानं ते नाव कोरताना अंगाला मुंग्या आल्या होत्या. तरी नाव मिळालं म्हणून मी बरीच मिरवले. बिननावाची भांडी लग्नाकार्यात हरवतात, मी कधी हरवले नाही. हरवले असते तर बरं झालं असतं.

माझं काम विरजणाचं. वाडीत कुणाचं दही बिघडलं की बाई आमच्या दारात हजर. केरबा वारल्यापासून सुलाबाई एकटीच. ती, एक म्हैस आणि मी. बायका मला न्यायच्या, चार दिवस विसरायच्या आणि परत द्यायला आल्या की तासभर बोलत बसायच्या. सुलाबाई त्या तासाची वाट बघायची.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या दगडाबाईनं मला नेलं. दोनच दिवसांत तिच्या नातीला, राणीला, ताप भरला. दगडाबाईनं भात, अंडं, गुलाल लावलेलं लिंबू पोरीवरून ओवाळलं आणि तीन वाटा मिळतात त्या तिकटीवर ठेवायला निघाली. असा उतारा पत्रावळीवर ठेवतात. पण घरात पत्रावळ नव्हती, जीव पोरीत अडकलेला, आणि हाताला मी लागले. नाव कुणी बघितलं?

सकाळी तिकटीजवळच्या नानासोंच्या दोन शेळ्या मेल्या. माणसं जमली. एकानं हात न लावता, वाकून माझं नाव वाचलं. चहा निवायच्या आत माझा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. एवढी प्रसिद्धी मला आयुष्यात मिळाली नव्हती!

नानासोंनी सुलाबाईला तिथंच बोलावून घेतलं. "काकी, आमी तुमचं काय वाकडं केलं हुतं? करणी कशापायी?"

"आवं, वाटी दगडाबाईकडं हुती. इचारा की तिला."

सगळे वळले. दगडाबाईच्या कडेवर राणी होती, ताप उतरलेली. दगडाबाईनं पोरीला घट्ट धरलं आणि म्हणाली, "म्या तर परवाच दिली माघारी."

मी तिच्या पायाशीच होते, अंगावर गुलाल घेऊन. ओरडावंसं वाटलं. दगडाबाई वाईट बाई नाही, भ्याली. खरं बोलली असती तर चेटकीण तीच ठरली असती. हे मला कळतं, तरी अजून तिचा राग जात नाही.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, शेळ्या युरियाचं पाणी प्याल्या. पण ते कुणाला ऐकायचं होतं? शेवटी सुलाबाईनंच मला उचलून घरी आणलं. त्या दिवसापासून आमच्याकडं विरजणाला कुणी येत नाही. डेअरीत सुलाबाईची किटली सगळ्यांत शेवटी, वेगळी ठेवतात. मग ती मला घासता घासता माझ्याशीच बोलते.

मध्यंतरी शाळेत साताऱ्याहून अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आले होते. त्यांनी लिंबातून रक्त काढून दाखवलं, त्यामागची युक्ती फोडली, कायदा समजावला. नानासोंनी म्हणे सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. सुलाबाई सतरंजीवर बसली होती आणि तिच्या भोवतीची जागा मात्र मोकळी होती. घरी येऊन तिनं हे मला हसत सांगितलं. मला नाही हसू आलं.

परवा मी उंबऱ्यावर उन्हात पालथी होते. राणी पळत आली आणि आमच्या दारातच पडली. गुडघा फुटला. सुलाबाई धावली, वाकली, हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला. दोन्ही हात पदराखाली घातले. "दगडाबाई, पोर पडलीया गं!" एवढंच ओरडली. दगडाबाई आली, पोरीला उचलून गेली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

आत येऊन सुलाबाई मला मांडीवर घेऊन बसली. "माज्या हातात खरंच काय असंल का गं?" तिनं मला विचारलं. "पोरीला काय झालं असतं तर?"

गाव काय म्हणतं ते मी आजवर सोसलं. पण आता तीच मानायला लागली आहे. दगडाबाई, चारचौघांत बोलायचं धाडस तुला होणार नाही, नको बोलूस. एकदा आमच्या घरात ये, दार लावून घे आणि तिला एकटीला सांग, 'वाटी म्या ठेवली हुती.' तिला ते ठाऊक आहे. पण तू सांगितलं नाहीस, तर आपण काही केलं नाही यावरचाच तिचा विश्वास उडेल.