कॅमेऱ्यापुढचा सांधा

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. रत्नाकर मिस्त्री तर न पोळताच आयुष्यभर फुंकत आला होता. हाताखाली कितीतरी कारागीर येऊन गेले, पण सांधा बसवायची वेळ आली की कोणी पाहू नये म्हणून हा गडी सगळ्यांकडे पाठ फिरवायचा. त्याच्या सांध्याला सरस लागत नसे. लाकडाची जीभ, म्हणजे खाचेत शिरणारं टोक, खाचेपेक्षा केसभर जाड ठेवायची, हलक्या हाताने ठोकून दाबायची आणि मग आत सरकवायची. आत गेली की ती फुगते आणि जन्मात सुटत नाही. बडा फुहारा चौकामागच्या फर्निचरच्या कारखान्यात त्याचा मान होता तो एवढ्या एका गोष्टीवर.

आणि आता मालक शालिग्राम सेठने नेमका त्याच्या डोक्यावर कॅमेरा टांगला.

"रत्नाकर भैया, एआय सिर्फ आपका हाथ देखेगा, चेहरा नहीं," सेठ गोड हसत म्हणाला आणि त्याने निळे हातमोजे पुढे केले. "ये पहन लो, उंगलियां साफ दिखेंगी. मशीन भी सीख लेगी."

मशीन शिकली की आपल्या हाती नारळ, हे न कळायला रत्नाकर काही दुधखुळा नव्हता. तो कॅमेऱ्यापुढे मुद्दाम जीभ बारीक तासू लागला, वरून बदाबदा सरस ओतू लागला. जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा बंद झाला की नवं लाकूड घेऊन खरं काम उरकायचा. कुंडमच्या जंगलातलं चांगलं सागवान वाया जाताना त्याचा जीव तुटायचा. पण शिक म्हणावं, काय शिकायचं ते! मनातल्या मनात तो खूश होता.

मुलगी अवंती घरीच लॅपटॉपवर कुठल्याशा कंपनीचं काम करायची. काय करते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी चहा पिता पिता त्याची नजर पडद्यावर गेली. तिथे निळे हातमोजे लाकूड तासत होते.

"हे काय पाहून राहिली तू?"

"माझं काम, बाबा. सुताराचं कुठं चुकलं, ते मशीनला सांगा लागते." ती हसली. "हा बिचारा तं रोजच चुकते. जीभ बारीक करते अन् सरस ओतते."

त्याने कप खाली ठेवला. "मग तू काय सांगते?"

"बरोबर कसं करायचं ते. केसभर जाड ठेवा, ठोकून दाबा, मग बसवा. तुमच्याजवळ बसूनच तं शिकली मी."

खरंच होतं. घरातलं देवघर करताना समोरून फळी धरायला हीच बसायची. पोरीला कुठे रंधा धरायचाय, म्हणून तिच्याकडे त्याने कधी पाठ फिरवली नव्हती. रागवावं तरी कोणावर? त्याला तर रडूच येऊ लागलं.

"मग... शिकली का मशीन?"

"शिकली ना! कंपनीवाले बहुत खूश आहेत, बाबा. म्हणतात, आता त्या सुताराची गरज नाही."