रिहोच्या मोज्यातला लाल धागा

रिहोच्या हातमोज्यांना अंगठे नव्हते, आणि त्याची आई हेल्मी ते कुणाला चढवूही देत नव्हती.

उत्तरेकडच्या, हिवाळ्यात गोठणाऱ्या समुद्रातल्या किह्नू बेटावरची कुठलीही बाई मोजा असाच विणते. तळहात विणताना अंगठ्याची जागा आली की तेवढे टाके उरल्यासुरल्या दुसऱ्या रंगाच्या धाग्यानं विणायचे आणि पुढं जायचं. मग ज्याचा मोजा त्याला समोर बसवायचं, तो धागा ओढून काढायचा, मोकळे झालेले टाके सुयांवर झेलायचे आणि त्याच्या मापानं अंगठा चढवायचा. हेल्मीनं निळ्या-पांढऱ्या मोज्यांत लाल धागा घातला होता, घागऱ्याच्या लोकरीतला उरलेला.

मार्चमधल्या त्या सकाळी रिहोनं आपणहून हात पुढं केला होता. "आई, घे माप. अंगठ्याशिवाय मोजा घालायला मी काय सील मासा आहे?"

हेल्मीचे हात मासळीनं बरबटलेले. "मेल्या, आत्ताच सुचलं का तुला? संध्याकाळी बस."

तो हसतहसत तानेलच्या मोटारसायकलच्या बाजूच्या डब्यात जाऊन बसला. लहानपणापासूनचे दोस्त. गोठलेल्या समुद्रावरून दोघं पलीकडच्या किनाऱ्याला निघाले आणि अर्ध्या वाटेत बर्फ खचला. गाडी चालवणारा तानेल उडी मारून वाचला. रिहो डब्यासकट खाली गेला, तो हाती लागलाच नाही.

मापासाठी त्याला घटकाभर बसवलं असतं तर? बर्फ तेव्हाही खचलाच असता, असं गाव तिला समजावत राहिलं. गावाचं काय जातंय समजावायला!

हेल्मीनं लाल घागरे पेटीत टाकले, काळा नेसली. मोज्यातला धागा मात्र तसाच ठेवला. तिची थोरली नणंद आल्मा एकदा म्हणाली, "अगं, घरात दुखवटा, आणि त्यात लाल धागा? काढ तो."

"तो आला की काढीन."

 

मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर, रिहो किनाऱ्यावरच्या लव्हाळ्यात सापडला.

माती देऊन झाली, माणसं पांगली. कबर खणणाऱ्यांना घरचे मोजे द्यायची रीत आहे. पेटीतले सगळे जोड वाटून संपले आणि एक जण उरला. फाटकापाशी उभा होता, न सांगता पहाटेपासून खणायला आलेला तानेल.

"त्याला काही मिळायचं नाही," हेल्मी म्हणाली. "माझं पोर बुडवलं त्यानं."

"तो मागतोय कुठं? पण खणणारा रिकाम्या हातानं गेला तर गेलेल्याचे हात गार राहतात, असं तुझीच आई सांगायची ना?" आल्मा म्हणाली. "रिहोचे हात गार राहू देतेस?"

हेल्मीनं रिहोचे बिनअंगठ्यांचे मोजे आणि सुया टेबलावर आणून ठेवल्या. मग फाटकाकडं बघून ओरडली, "ये. बस इथं."

तानेल टेबलाशी बसला. तळहातांवर फोड आले होते. "मावशी, नको. ते मोजे मला नकोत."

"तुला कोण देतंय? गप बस."

तिनं पहिल्या मोज्यातला लाल धागा ओढला. टाके उघडे पडले, तिनं सुयांवर झेलले. तानेलनं हात पुढं केला, पण तिनं त्याकडं पाहिलंही नाही. तिला माप ठाऊक होतं. बापासारखा रुंद, बुटका अंगठा, जन्मल्या दिवसापासून धरलेला. रिहोच्याच मापाचा विणणार होती ती. या काटकुळ्याला ढगळ होऊ दे. दर हिवाळ्यात हात घालताना कळू दे, हा कुणाचा होता ते.

सांज होईतो सुया चालल्या.  शेवटचा टाका ओढून तिनं मोजा त्याच्यापुढं टाकला.

"घाल."

त्यानं घातला. मूठ मिटली, उघडली.

"ढगळ आहे ना?"

तानेलनं पुन्हा मूठ मिटली.

"बोल की रे! ढगळ आहे ना?"

"नाही, मावशी. बरोबर बसलाय."

हेल्मीनं अंगठा चाचपला. टोकापर्यंत भरलेला होता. ऊबही लागत होती. तिनं टेबलावरच्या त्या हातावर मूठ हाणली, परत हाणली. "का बसला? का बसला रे तुला?"  आल्मा तिला धरायला धावली.

तानेलनं हात मागं घेतला नाही. दुसऱ्या मोज्यात लाल धागा अजून होता, आणि तोही अंगठा तिलाच विणायचा होता.