शेरा मान्य आहे

त्र्याहत्तरच्या एप्रिलमधली गोष्ट. तपासणीला आलेल्या साहेबांनी आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या शेरेबुकात इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, खाली झोकदार सही ठोकली आणि जीपमध्ये बसून निघून गेले. इथल्या मुली स्क्वॉलिड आहेत, ही पहिली ओळ. पंधरा दिवसांत सुधारणा न दिसल्यास मान्यता काढून घेण्यात येईल, ही दुसरी.

चाळीस मुली होत्या माझ्याकडे, नेवाशाच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावांतल्या. मान्यता गेली की त्यांनी घरी जायचं, आणि त्या वर्षी घरी जाणं म्हणजे आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडणं. त्यातली एकही परत शाळेत आली नसती, हे मी तेव्हाही लिहून द्यायला तयार होते.

मी कृपा. शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि वसतिगृह सांभाळायचे. आमचे मुख्याध्यापक थॉमस सर भला माणूस, पण साहेब म्हटलं की ते आधीच हो म्हणून मोकळे व्हायचे. स्वयंपाकाला झुंबरबाई होती. साहेबांनी काय लिहिलं ते तिला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून उठलीच.

"आन् ह्ये लिवायच्या आधी माज्या हातच्या दोन भाकरी खाल्ल्या की वो त्यानं! तांब्याभर पानी पेला, तांब्याभर पान्यानं हात धुतलं. एका पोरीचं दिसाचं पानी हुतं त्ये."

खरंच होतं. विहीर फेब्रुवारीतच आटली होती. टँकर दिवसाआड यायचा, तोही ड्रायव्हरच्या मर्जीनं. मुलीमागे दिवसाला दोन तांबे प्यायला आणि तोंड पुसायला एक ओलं फडकं. अंघोळ रविवारी, उपासनेच्या आधी, चौघींत एक बादली. साहेब आले गुरुवारी. मुली दुसऱ्या कशा दिसणार होत्या?

तो शब्द माझ्या जुन्या ओळखीचा होता. छत्तीस साली आईनं मला इथं आणून सोडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हा वसतिगृह चालवणाऱ्या मिशनच्या मडमसाहेबांनी प्रवेशाच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे हाच शब्द लिहिला होता. इंग्रजी अक्षरं लागायला लागल्यावर मी त्यांना त्याचा अर्थ विचारला. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पाणी न मिळालेली." मला तो शब्द आवडला. मॅट्रिकच्या वर्षी शब्दकोश हातात आला, तर तिथे घाणेरडं, ओंगळ, किळस आणणारं. मडम माझ्याशी खोटं बोलल्या याचा राग मी पंचवीसेक वर्षं नीट सांभाळून ठेवला होता.

थॉमस सरांनी तोड काढली. "दोन दिवस पिण्याचं पाणी निम्मं करू, कृपाबाई. साठवू. तपासणीच्या सकाळी सगळ्यांना अंघोळी घालू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." मी बघू म्हणाले. खरं सांगायचं तर मी कबूलच व्हायला आले होते.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी स्वयंपाकघराच्या मागे गेले, तर लंका विटेच्या तुकड्यानं मान घासत बसलेली. लंका आठवीतली, धनगराची, इंग्रजीत वर्गात पहिली. सरांच्या टेबलावर उघडं पडलेलं शेरेबुक तिनं वाचलं होतं आणि वर्गातल्या छोट्या शब्दकोशात अर्थही शोधला होता. शब्दकोश कसा बघायचा ते मीच शिकवलं होतं.

"काय करतेस गं?"

"मळ निगत न्हाई, बाई."

मळ कधीच निघाला होता. ती कातडी घासत होती, आणि रक्त आलं होतं. मी वीट हिसकावून भिंतीपलीकडे फेकली. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. साहेबाचा आला, मडमचा आला, आणि बघू म्हणणाऱ्या माझाही आला.

लंकेच्या मानेला हळद लावली आणि तशीच ऑफिसात जाऊन मडमच्या कपाटातला मोठा शब्दकोश काढला. तो उचलायला दोन हात लागतात. मॅट्रिकला मी छोट्या कोशात एकच ओळ वाचून रडत बसले होते. या वेळी आख्खी नोंद वाचली.

शब्द लॅटिनमधून आलेला. मुळात खरखरीत, कोरडं, माती चढून कडक झालेलं. इंग्रजीत आल्यावर एके काळी तो जमिनीलाही लावत असत, पावसावाचून करपलेल्या जमिनीला. हा अर्थ आता वापरात नाही, अशी पुढे खूण केलेली. मग शब्द जमिनीवरून उठला आणि माणसाच्या अंगाला चिकटला. अंगावरून घराला, घरावरून गरिबांच्या आख्ख्या वस्तीला. शेवटी तर माणसाच्या मनाला आणि वागणुकीलाही. कोशात एवढंच होतं. त्याला असं ढकलत कुणी नेलं ते लिहिलेलं नव्हतं. ते मला कोशावाचून कळत होतं. ज्यांच्या घरी पाणी होतं त्यांनी.

मडम अगदीच खोटं बोलल्या नव्हत्या तर. मी त्यांना माफ केलं, पण अर्धंच. रजिस्टरात त्यांनी लिहिलं होतं ते काही जमिनीबद्दल नव्हतं.

शेरेबुकाचा एक नियम असतो. डाव्या पानावर साहेबांचा शेरा, उजव्या पानावर आपली पूर्तता. मी उजव्या पानावर मराठीत लिहिलं:

"शेरा मान्य आहे. सदर शब्दाचा जुना अर्थ पावसावाचून करपलेली जमीन असा आहे. त्या अर्थाने हे वसतिगृह, हे गाव व हा तालुका स्क्वॉलिड आहे. पूर्ततेसाठी पाणी पाठवावे."

थॉमस सरांनी ते वाचलं आणि खुर्चीत बसले. "खोडा हे."

"खोडणार नाही. आणि पोरींच्या तोंडचं पाणी त्यांच्या अंगावर ओतणार नाही."

"मान्यता गेली म्हणजे?"

"तर चाळीसही जणींना घेऊन साहेबांच्या ऑफिसवर जाईन. तिथे नळ असेलच. एकेकीला खाली बसवून अंघोळ घालीन."

सरांनी पूर्तता पुन्हा एकदा वाचली. मग माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.

पंधराव्या दिवशी साहेब आले. जीपला ताडपत्री नव्हती, रस्त्याचा सगळा फुफाटा अंगावर. भुवया, मिशा, कॉलर, सगळं एका रंगाचं झालेलं. मुली रांगेत उभ्या होत्या, रोजच्यासारख्या, तोंडं फडक्यानं पुसलेल्या. साहेबांनी उजवं पान वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"हा उद्धटपणा आहे. आत्ताच्या आत्ता खोडा."

"तुमचा शेरा मी खोडला नाही, साहेब. माझी पूर्तताही राहू द्या."

ते ताडकन उठले आणि रांगेतून फिरायला लागले, बहुतेक आणखी काही लिहायला सापडतंय का ते बघायला. लंकेपाशी थांबले. तिच्या मानेवर खपली धरली होती.

"हे काय झालं?"

मी लंकेला काहीही पढवलेलं नव्हतं. ती साहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "तुमचा शब्द पुशीत हुते, साहेब."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, स्वतःचं तोंड पुसलं आणि रुमालाकडे बघत राहिले. तेवढ्यात झुंबरबाई तांब्या घेऊन पुढे झाली.

"पानी घ्या. पेयाला घ्या नायतर हात धुवायला, एकच तांब्या हाय आज."

साहेबांनी तांब्या हातात घेतला. ओठांपर्यंत नेला आणि परत खाली आणला. "राहू द्या," ते म्हणाले, "माझ्यातर्फे पोरींना द्या."

"तुमच्यातर्फे कसं?" झुंबरबाईनं तांब्या काढून घेतला. "त्येंचंच हाय त्ये."

ती आत गेली आणि पाणी रांजणात परत ओतल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. साहेब टेबलापाशी आले. उजव्या पानावर, माझ्या आणि थॉमस सरांच्या सहीखाली, मान्यता काढायचा विषय न काढता, त्यांनी मराठीत "पाहिले" एवढंच लिहिलं आणि सही केली. या वेळची सही झोकदार नव्हती.