नानीनं सगळ्यांची माफी मागितली

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, निघण्याआधी नानीनं अख्ख्या गल्लीची माफी मागितली. त्यात नवल काहीच नव्हतं. उमऱ्याला जाणारा प्रत्येक जण दारोदार जाऊन म्हणतोच, कळत-नकळत दुखावलं असेल तर पोटात घाला. पण नानी पडली शिंपीण! तिनं गिऱ्हाइकांनाही सोडलं नाही. "तुझा लग्नातला झगा काखेत काचत होता ना, माफ कर गं," असं ती म्हणायची आणि बायका हसून बेजार व्हायच्या. शिलाई मशीन तिनं शेजारणीच्या सुनेला देऊन टाकलं, तेव्हाही लोक म्हणाले, वा, काय मोठं मन!

तिच्या नातीला, चिमणीला, मात्र तेव्हाच शंका आली. त्या मशीनला नानी कुणाला बोटसुद्धा लावू देत नसे.

मक्केतल्या हॉटेलच्या खोलीत चिमणीनं नानीची बॅग उघडली. कपड्यांचा एकच जोड, आणि खाली एक लांबलचक पांढरं कापड. हृदयाच्या गोळ्यांची डबी कुठेच नाही.

"नानी, गोळ्या?"

"घरी आहेत."

"विसरलीस?"

"छे! कधीच्या बंद केल्यात." नानी खिडकीबाहेर बघत होती. "इथली माती मिळाली तर आणखी काय हवंय मला? ते कापड तेवढं जमजमच्या विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून घे."

कफन! म्हणजे ती माफी नव्हती, निरोप होता. गल्लीतल्या एकालाही पत्ता लागला नाही.

"मरायला आलीस तू इथं?"

"शू! इहराममध्ये, यात्रेचं व्रत सुटेपर्यंत, भांडायचं नसतं," नानी म्हणाली आणि चक्क गालातल्या गालात हसली.

खरंच, नसतं भांडायचं. बरोबर आलेल्या मामानं धावत जाऊन त्याच गोळ्या आणल्या, हातापाया पडला, पण नानीचे ओठ शिवल्यासारखे मिटलेले. काब्याभोवतीच्या फेऱ्या झाल्या, दोन टेकड्यांमधलं चालणं झालं. परत आल्यावर नानी पलंगावर बसली ती बसलीच. पाय टम्म फुगलेले, ओठ काळेनिळे. मामा मुंडण करायला खाली न्हाव्याकडे गेला. नानीचं आता एकच उरलं होतं: केसांची टोकं कापायची, की उमरा पूर्ण.

"काप पटकन," तिनं वेणी पुढं केली. स्वतःच्या थरथरत्या हातांत तिला कात्री धरवत नव्हती.

चिमणीनं कात्री उचलली आणि कचकन स्वतःचेच केस कापले. सुटली! इहराम संपला, आता भांडायलाही मोकळी.

"आता ऐक, म्हातारे! आधी गोळी. नाहीतर बस अर्धा उमरा कवटाळून."

"शेजारच्या खोलीतल्या बायकांना बोलावते मी कापायला."

"बोलाव की. उठून दाखव आधी."

नानीनं पलंगाच्या कडेवर हात रोवले. तिला उठता आलं नाही. खोलीत नुसता तिच्या श्वासाचा आवाज, फाटक्या भात्यासारखा.

"सैतान आहेस तू."

"तुझीच नात. आणि गल्लीनं केलं असेल माफ, मी नाही करणार."

नानीनं हात पुढं केला, गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी घेतलं. चिमणीनं वेणीचं टोक कापलं, बोटाच्या पेरभर.

"गिळलीस ना?"

नानीनं मान हलवली.

"तोंड उघड बघू."

नानी उशीला टेकली. डोळे मिटून घेतले, आणि ओठही.

"नानी, तोंड उघड."