गुरुवारच्या मिस्सेतलं नाव

चर्चच्या पॅरिश ऑफिसात बसणाऱ्या बाईला सगळे यादीताई म्हणत. आधीच्या फादरांनी थट्टेत ठेवलेलं हे नाव चिकटलं ते चिकटलंच. रविवारी वाचन कोणी करायचं, वेदीवर फुलं कोणी ठेवायची, शनिवारी बाकं कोणी पुसायची, शुक्रवारी फादरांनी कुठल्या आजाऱ्याकडे कम्युनियनचा पवित्र प्रसाद घेऊन जायचं, अशा सगळ्या याद्या ती करायची आणि चर्चच्या दारातल्या फळ्यावर लावायची. बावीस वर्षांत तिची एकही यादी चुकली नव्हती. कॉयरचे गाण्याचे मास्तर म्हणायचे, "स्वर्गाच्या दारात यादी घेऊन बसलेल्या सेंट पीटरला कधी रजा हवी असली, तर बदलीवर आपल्या यादीताईलाच बोलावतील."

सगळ्यात महत्त्वाची यादी मंगळवारी व्हायची. कुठली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कुणासाठी, याची. कागदाच्या डाव्या बाजूला जिवंत माणसांची नावं, उजव्या बाजूला मृतांची. आजारी नवरा, परीक्षेला बसलेली मुलगी, गेलेला बाप, गेलेली सासू. लोक येत, नाव सांगत, दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलत आणि जात.

दर मंगळवारी अकराच्या सुमाराला शिवणमावशी यायची. वेदीवरची वस्त्रं आणि फादरांचे झगे तीच शिवायची, तीच दुरुस्त करायची. सत्तरी ओलांडली होती, पण सुईत दोरा अजून पहिल्या खेपेला ओवायची. तिचा धाकटा मुलगा जहाजावर वायरमन होता. तो जहाजावर चढल्यापासून, म्हणजे चार वर्षं, मावशी दर मंगळवारी त्याचंच नाव द्यायची.

"डावीकडे लिही गं," ती दर वेळी सांगायची, जणू यादीताईला ते ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी मावशीच्या हृदयातली एक झडप खराब निघाली. चार पायऱ्या चढली तरी धाप लागे. ऑपरेशन ठरलं, तारीखही मिळाली. आणि त्याच आठवड्यात, सोमवारी दुपारी, मावशीची थोरली मुलगी ऑफिसात आली. ती नर्स होती. ड्यूटीचे कपडे अंगावरच होते. आत आली, दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, माझा भाऊ गेला."

परक्या बंदरात, जहाजाच्या पोटातल्या एका शिडीवरून पडला होता. कंपनीच्या माणसाने फोन थोरलीला केला, कारण कागदांवर नंबर तिचा होता. देह इकडे पाठवायला दीड महिना लागेल म्हणाले, आणि तरी खात्री देता येत नाही म्हणाले. थोरलीने फोनवरच सांगून टाकलं, तिथेच पुरा. जहाजावरच्या लोकांनी त्याला मातीत ठेवलं आणि कबरीवरच्या क्रूसाचा एक फोटो तिला पाठवला.

"आईला सांगितलंस?" यादीताईने विचारलं.

"डॉक्टर नको म्हणालेत. असा धक्का बसला तर ऑपरेशनपर्यंत पोचणार नाही म्हणतात. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, ताई. ऑपरेशन होऊ दे. मी स्वतः सांगीन."

"पण उद्या मंगळवार आहे. ती नाव द्यायला येईल."

थोरलीने तिचे दोन्ही हात धरले. "ती सांगेल तसं लिहा. तुमच्या पाया पडते."

यादीताईने फादरांना गाठलं. फादर तरुण होते, तिच्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ चष्मा पुसला. "खोटं बोला असं मी तुम्हाला सांगू शकत नाही," ते म्हणाले. "आणि सांगून टाका असंही म्हणवत नाही. त्यांना काही झालं तर?" मग हळूच म्हणाले, "आठ दिवसच आहेत ना?"

मंगळवारी मावशी आली. धापा टाकत खुर्चीत बसली. "डावीकडे लिही गं." यादीताईने लिहिलं. रविवारी फादरांनी ते नाव वाचलं, लोकांनी प्रभूला प्रार्थना ऐकायला सांगितलं, आणि दुसऱ्या बाकावर आईला खेटून बसलेली थोरली समोर बघत राहिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मावशीला ताप भरला. तारीख पुढे गेली. पुढच्या तारखेला सर्जनच परगावी गेले. त्यानंतर मावशीची साखर वाढली. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे पंचवीस.

मुलगा महिन्यातून एकदा फोन करायचा. तो आला नाही तेव्हा मावशी कासावीस झाली. थोरलीने सांगून टाकलं की जहाज लांबच्या सफरीवर आहे, फोन लागत नाही, पण लिहिलेले निरोप येतात. मग निरोप यायला लागले. थोरली आपल्या फोनवरून ते आईला वाचून दाखवायची, आणि मावशी ते मंगळवारी यादीताईला तोंडपाठ म्हणून दाखवायची.

"काय लिहितो माहितेय? आई, दुपारी जरा पडत जा. मशीनवर जास्त वाकू नकोस." मावशी हसायची, आणि तिच्या ओढलेल्या चेहऱ्यावर रंग चढायचा. "अगं, हा मुलगा घरी होता तेव्हा चार शब्द बोलायचा नाही. जेवलास का विचारलं तर मान हलवायचा. आता बघ. माणूस दूर गेला की कसा मऊ होतो!"

यादीताई मान खाली घालून लिहीत राहायची.

"परवा म्हणतो, तू शिवलेला निळा शर्ट अजून घालतो. कॉलर विरली तरी टाकत नाही." मावशीने पदराने डोळे टिपले. "मला वाटायचं, त्याला तो आवडलाच नव्हता."

त्या दिवशी संध्याकाळी यादीताईने थोरलीला दवाखान्याबाहेर गाठलं. "हे निरोप बंद कर. फार झालं."

"काय करू मग?" थोरलीचा आवाज फाटला. "दोन दिवस निरोप नसला की तिचा श्वास चढतो. रात्री उठून बसते. मी एक ओळ लिहिते आणि ती झोपते. ताई, मला तरी हौस आहे का?" मग भिंतीला टेकून, डोळे मिटून म्हणाली, "मला त्याच्यासाठी धड रडताही येत नाही. परवा त्याला तीस दिवस होतायत. एक मिस्सा तरी ठेवा. मृतांची. आणि त्यात त्याचं नाव घ्या. नुसतं 'एक आत्मा' नको. एकदा तरी कुणीतरी त्याचं नाव घेऊ दे."

गुरुवारी सकाळी साडेसहाच्या मिस्सेला जेमतेम दहाबारा माणसं असायची. मावशी त्या वेळेला कधीच येत नसे, इतक्या सकाळी उठणं तिला जमायचंच नाही. यादीताईने सगळीकडून विचार केला आणि गुरुवार नक्की केला. नाव फळ्यावर लावलं नाही. फादरांच्या हातात वेगळी चिठ्ठी दिली.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानातून निसटली. दोनच दिवस आधी, मंगळवारी, मावशी जायला उठली तेव्हा बोलता बोलता ती स्वतःच तिला म्हणून गेली होती, "फादरांच्या हिरव्या झग्याची शिवण उसवलीय बघा." मावशीला तेवढं पुरे होतं. झगा घरी नेला. बुधवारी दिवसभर थोडं थोडं करत तिने तो शिवला, आणि फादरांची खोटी नको म्हणून गुरुवारी पहाटे उठून, रिक्षा करून, चर्चच्या मागच्या दाराने सॅक्रिस्टीत आली. वेदीमागच्या त्या खोलीत झगे, मेणबत्त्या, चषक सगळं असतं. पायऱ्या चढून आल्यामुळे ती स्टुलावर बसली. मधलं दार उघडं होतं. पलीकडे फादर जुना झगा घालून मिस्सा म्हणत होते.

यादीताई त्या दिवशी वाचनाला उभी होती. परत बाकावर येऊन बसली आणि फादरांनी मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली. नाव घेतलं, अगदी स्पष्ट, आडनावासकट. मागच्या बाकावर नाइट ड्यूटी करून आलेली थोरली पुढच्या बाकाच्या पाठीवर कपाळ टेकून ढसाढसा रडली. तीस दिवसांचं सगळं रडणं तिथे आलं.

मिस्सा संपल्यावर यादीताई पुस्तक ठेवायला सॅक्रिस्टीत गेली. समोर मावशी बसलेली. मांडीवर घडी घातलेला हिरवा झगा.

यादीताई पुस्तक हातात धरून दारातच उभी राहिली.

पण मावशी रागावलेली नव्हती. उलट जरा हसतच होती. "अगं यादीताई, काय हे! तुझी यादी चुकली की आज. माझ्या पोराला मेलेल्यांत घातलंस?" बोट नाचवून म्हणाली, "बावीस वर्षांत पहिली चूक, आणि ती माझ्याच पोराच्या बाबतीत? मेल्याचं आयुष्य वाढलं म्हणायचं आता."

उत्तर समोर तयार होतं. हो मावशी, चुकलं माझं, वय झालं, डोळे दगा देतात. एवढंच म्हणायचं होतं. मावशीने तर ते आपणहून हातात आणून ठेवलं होतं. यादीताईने तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. मावशी तिच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक धागा ओढल्यासारखं उसवत गेलं.

"बोल ना," मावशी म्हणाली. "चुकलं म्हण."

त्याच वेळी फादर आत आले आणि त्यांच्यामागून थोरली आली, डोळे सुजलेले, नाक लाल. आईला बघून ती दारातच थबकली.

"कधी?" मावशीने विचारलं.

थोरली म्हणाली, "आई, तू आधी पाणी घे."

"कधी, म्हणून विचारतेय."

"तीस दिवस झाले."

मावशीने मान हलवली. तिचा हात झग्याच्या शिवणीवरून फिरत राहिला. फादर पुढे होऊन गुडघ्यांवर बसले. "मावशी, तुम्ही त्याच्यासाठी जी जी प्रार्थना केलीत, तिच्यातली एकही वाया गेलेली नाही. देवाकडे..."

"तुम्ही थांबा जरा, फादर," मावशी शांतपणे म्हणाली. आणि मुलीकडे वळून विचारलं, "ते निरोप?"

थोरली खाली बघत होती. "मी लिहायचे."

"सगळे?"

"सगळे."

"शर्टाचा पण?"

थोरलीने हो म्हणून मान हलवली.

"तरीच," मावशी म्हणाली. "तरीच म्हटलं, याला इतकं गोड बोलता कधीपासून यायला लागलं."

एवढंच ती बोलली. ज्या हृदयाला महिनाभर सगळे फुंकर घालून जपत होते, ते बंद पडलं नाही. थोरलीने नाडी धरली, फादरांनी गाडी मागवली, यादीताई पाण्याचा पेला घेऊन उभी राहिली. मावशीने पाणी घेतलं नाही. झगा खुंटीवर नीट टांगला आणि मुलीचा हात न धरता पायऱ्या उतरली.

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. मावशीनेच सांगितलं, काय करायचं ते करा. झडप बसली, धाप गेली, डॉक्टर खूश झाले. थोरलीने रजा काढून सेवा केली. आई तिच्याशी बोलायची. औषध आणलंस का, दूध तापव, दिवा लाव. पण मुलाबद्दल एक शब्द नाही. थोरलीने एकदा क्रूसाचा फोटो पुढे धरला, तर म्हणाली, "ठेव तुझ्याकडेच."

शुक्रवारी फादर कम्युनियन घेऊन तिच्याकडे जायचे, तेव्हा यादीताईही सोबत जायची. मावशी हात जोडायची, जीभ पुढे करायची, डोळे मिटायची. मग यादीताईला खुर्ची देऊन आत निघून जायची. यादीताईने तीन वेळा माफी मागायची ठरवली, आणि तिन्ही वेळा समोरच्या बंद शिवणमशीनकडे बघत बसून परत आली. चालायफिरायला लागल्यावर मावशी नदीपलीकडच्या दुसऱ्या चर्चला जायला लागली. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. इकडचे झगे आता टेलरकडे जातात. तो चांगलं शिवतो.

यादीताईने फादरांना विचारलं होतं, "मी त्या वेळी चुकलं म्हणून टाकलं असतं तर?"

"मला माहीत नाही," फादर म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

नंतर एकदा, पावसाळा सरल्यावर, दोघींची बसस्टॉपवर गाठ पडली. मावशीच्या हातात भाजीची पिशवी होती. तब्येत सुधारली होती, गाल भरले होते. यादीताईला पळून जावंसं वाटलं, पण बाकावर जागा एकच होती आणि मावशीने सरकून ती तिला दिली.

"मावशी," यादीताई म्हणाली, "मला..."

"तुझा गुडघा कसा आहे?" मावशीने विचारलं.

"दुखतो अधूनमधून."

"तेल लाव कोमट करून. झोपायच्या आधी."

"लावते."

रस्त्यापलीकडे कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं. दोघी तिकडे बघत राहिल्या. यादीताईच्या मनात बोलायचं सगळं होतं, नीट क्रमाने मांडलेलं, रात्ररात्र जागून. त्यातलं पहिलं वाक्य तिने जिभेवर आणलं तेवढ्यात मावशीची बस आली. मावशी उठली, पिशवी सावरली.

"येते," ती म्हणाली, आणि कुणाच्याही आधाराशिवाय बसमध्ये चढली.