चुणचुण थांबली

"येतेय का चुणचुण?" कोचने माइक दाजींच्या तोंडाशी नेला.

"नाही," दाजी म्हणाले.

"जरासुद्धा?"

"काहीच नाही. फवारा मारलात हेसुद्धा डोळ्यांना दिसलं म्हणून कळलं."

आणि अख्ख्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

हा हॉल म्हणजे एका मोठ्या लॉन्ड्रीतली चादरी वाळवायची जागा. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे आणि ऑपरेशनचे झगे इथे धुवायला येतात. एरवी ओल्या कपड्यांच्या रांगांमुळे पलीकडचा माणूस दिसत नाही. त्या दिवशी सुट्टी होती, दोऱ्या गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि कामगार, त्यांच्या घरची माणसं, शेजारीपाजारी असे सगळे दाटीवाटीने बसले होते. मधोमध खुर्चीवर आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडून नवरदेवाच्या थाटात बसले होते.

"टाकी भरली!" कोच ओरडला. "मंडळी, चुणचुण म्हणजे काय? शरीर ठणाणा करून सांगतं, मी रिकामं आहे, मला मॅग्नेशियम द्या! आणि चुणचुण थांबली म्हणजे?"

"टाकी भरली!" हॉलने एका सुरात उत्तर दिलं. माझ्या वर्गातली मुलं पाढेसुद्धा इतक्या उत्साहाने म्हणत नाहीत. दाजींच्या गळ्यात निळ्या फितीचं पदक पडलं. पहिल्या रांगेत बसलेली ताई पदराने डोळे टिपत होती.

मी शेवटच्या रांगेत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे दाजींनी माझं नाव 'मास्तरीणबाई' पाडलंय. या समारंभाला यायची माझी मुळीच इच्छा नव्हती, पण ताईने फारच गळ घातली. वर "आज तोंड उघडायचं नाही" अशी अटही घातली.

कोच हा पूर्वी व्यायामशाळेत लोकांच्या उठाबशा मोजायचा. तिथून त्याने बाटलीपर्यंत मजल मारली. बाटलीत मॅग्नेशियम तेल. झोप येत नाही? तेल. पाठ धरते? तेल. मन उदास? तेच तेल, फक्त छातीला लावायचं. त्याची बडबड मला पाठ झाली आहे. "गोळी कुठे जाते? पोटात! पोटात हरवते बिचारी. तेल कुठे जातं? थेट पेशीत! त्वचा म्हणजे दरवाजा आहे दरवाजा!" आता त्वचा जर असा सताड उघडा दरवाजा असती, तर रोज अंघोळ करून आपण फुगून बाहेर आलो असतो. पण हे मनात म्हणायचं, कारण अट.

दाजी या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या रोलरवर काम करायचे. पायात रबरी बूट घालून दिवसभर उभं राहायचं आणि ओल्या चादरीचं टोक तापलेल्या रोलरमध्ये सारायचं. वर्षभरापूर्वी त्यांची डावी पोटरी धरायला लागली. चाललं की दुखायची, थांबलं की बरं वाटायचं. रात्री तळव्यांची आग व्हायची, डोळ्याला डोळा लागत नसे. शुगर जुनी होती. पायांची तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तपासणीला रजा टाकावी लागते, आणि कोच तर जेवणाच्या सुट्टीत बाटली घेऊन थेट लॉन्ड्रीतच यायचा.

पहिल्याच फवाऱ्याला दाजींच्या पायाला चुणचुण झाली. थोड्या वेळाने तेल सुकलं आणि कातडीवर पांढरा थर दिसायला लागला. "हे बघा!" कोच म्हणाला. "धुताना कपड्यातला मळ बाहेर येतो की नाही? पाणी गढूळ होतं की नाही? तसंच हे. आतलं विष बाहेर आलं."

इथेच सगळे फसले. ज्यांचं आयुष्य कपड्यातला मळ बाहेर काढण्यात गेलं, त्यांना ही गोष्ट लगेच पटली. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात कोचला इतका मान मिळाला नसता. ताई चादरी तपासायच्या टेबलावर असते. एकही डाग तिच्या नजरेतून सुटत नाही, म्हणून सगळे तिला 'डागवाली' म्हणतात. तीसुद्धा रोज सकाळी ओल्या फडक्याने दाजींचा पाय पुसायची आणि समाधानाने म्हणायची, "आज बरंच निघालं हो."

मुख्य म्हणजे दाजींना झोप लागायला लागली. ताई त्यांचा पाय मांडीवर घेऊन तेल लावायची, पोटरीवरून तळव्यापर्यंत हात फिरवायची, दिवसभराचं काहीबाही सांगत राहायची. तिचं बोलणं संपायच्या आत दाजी घोरायला लागायचे. शुगरच्या गोळ्या हळूहळू मागे पडल्या. "गोळ्या बंद करा असं मी कधीच सांगत नाही," कोच म्हणायचा. "शरीरच सांगेल." दाजींच्या शरीराने तसं सांगितलं म्हणे.

तर, टाळ्या संपल्या. लोक चहाकडे वळले. दाजींना वाकून पँट खाली करता येईना, म्हणून मी पुढे झाले. माझा हात त्यांच्या पावलाला लागला. पाऊल ओल्या चादरीसारखं गार होतं. करंगळी जांभळी पडली होती. तिच्या आतल्या बाजूला एक जखम होती, आणि तिला येणारा वास तेलाचा नव्हता.

"दाजी, हे कधी झालं?"

"काय?"

"ही जखम."

"असेल. बूट घासला असेल. दुखत नाही हो. आता काहीच दुखत नाही!"

मी पर्समधून पेन काढलं. "डोळे मिटा बघू. पेन कुठे लावतेय ते सांगायचं."

"परीक्षा घेताय होय, मास्तरीणबाई? घ्या." त्यांनी डोळे मिटले.

मी पेन गुडघ्याला लावलं. "गुडघा," दाजी म्हणाले. पोटरीला लावलं. "पोटरी. हे फार सोपं आहे." मग तळव्याला लावलं. दाजी गप्प. अंगठ्याला लावलं, जरा दाबलं, आणखी दाबलं. अंगठ्यावर निळा ठिपका उमटला. दाजी डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्याने बसले होते.

"लावा की आता," ते म्हणाले. "किती वाट बघायला लावता?"

ताई शेजारीच उभी होती. तिने ठिपका पाहिला, पेन पाहिलं, आणि तोंडावर हात धरला.

कोच घाईघाईने आला. "ही शून्य अवस्था आहे! फार थोड्यांना मिळते!"

"अहो, सुन्न पडलाय त्यांचा पाय!" मी ओरडलेच. गेली अट खड्ड्यात. "तुमच्या टाकीबिकीचा काही संबंध नाही. यांना सुई टोचलेली कळणार नाही, मग चुणचुण कुठून कळणार?"

"शिकलेल्या लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. दोनचार माना हलल्याही. पण ताईने कुणाकडे पाहिलं नाही. तिने दाजींच्या काखेत हात घातला. "अहो, उठा. दवाखान्यात जायचंय."

दवाखान्यात सर्जनबाईंनी पाय पाहिला. मग त्यांनी दाजींच्या गळ्यातल्या पदकाकडे बोट केलं. "हे कशाबद्दल?" ताईने पदक काढून पिशवीत टाकलं.

"पावलापर्यंत रक्तच पोचत नाहीये," त्या ताईला आणि मला बाहेर नेऊन म्हणाल्या. "शुगरने रक्तवाहिन्या चोंदल्यात आणि संवेदना गेली आहे. जखम हाडापर्यंत गेलीय. पोटरी दुखायला लागली तेव्हाच आला असतात, तर रक्ताची वाट मोकळी करून बघता आली असती. आता पाय ठेवला तर माणूस जाईल."

पाय कापायच्या संमतीपत्रावर सही ताईनेच केली.

दाजींना आत नेलं. आम्ही दोघी खिडकीजवळच्या काळ्या रेक्झिनच्या बाकावर बसलो. बाहेर ऊन रणरणत होतं. ताई रडत नव्हती. मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. मग म्हणाली, "पण ते विष? ते तर मी रोज माझ्या डोळ्यांनी बघत होते."

"बाटली आहे पिशवीत?"

होती. मी बाकाच्या उन्हातल्या टोकावर दोनचार फवारे मारले आणि हाताने पसरवले. आम्ही बसून राहिलो. रेक्झिन उन्हाने तापलं होतं. हळूहळू पाणी उडून गेलं, आणि काळ्या बाकावर पांढरट, चिकट थर उमटला. तोच, तसाच.

ताईने वाकून पाहिलं. चादर तपासताना वाकते तशीच. नखाने खरवडलं आणि जिभेच्या टोकाला लावलं.

"अगं, हा क्षार आहे," ती म्हणाली. "आपल्या बोअरच्या पाण्याचे डाग पडतात तसा."

"हो. हे तेल नाहीच मुळी. मॅग्नेशियमचं मीठ आहे, पाण्यात दाट विरघळवलेलं. दाट मिठाचं पाणी हाताला बुळबुळीत लागतं, म्हणून तेल म्हणायचं. नाजूक, चरे पडलेल्या कातडीला ते झोंबतं, ती चुणचुण. पाणी उडालं की मीठ उरतं, ते विष. शरीरातून काहीही बाहेर येत नव्हतं, ताई. आत जात होतं असंही काही दिसलेलं नाही. वर लावलेलं वरच राहत होतं."

"रोज टेबलावर हेच डाग धरते मी. चादर परत पाठवते. आणि यांच्या पायावर मला ओळखू आले नाहीत."

मी तिचा हात धरला.

"मग झोप?" तिने एकदम विचारलं. "झोप तर खरी होती ना गं? लहान मुलासारखे झोपायचे."

"झोप खरी होती. तू पाय मांडीवर घेऊन बसायचीस, बोलायचीस, हात फिरवायचीस. बाटलीत साधं पाणी असतं तरी झोपले असते. आणि रात्रीची आग कमी झाली, कारण पायाला काही कळेनासंच झालं होतं."

तेव्हा ताई रडली. "म्हणजे मी त्यांना रोज थोपटून निजवत राहिले," ती हुंदके देत म्हणाली, "आणि पाय माझ्या मांडीवरच मरत राहिला." कोचचा मला इतका संताप आला होता, की तो समोर असता तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

कोच पुन्हा लॉन्ड्रीत आलाच. डावलला गेलेला सज्जन असा चेहरा करून सांगत होता, "फार उशिरा सुरू केलं त्यांनी. आधी केलं असतं तर पाय वाचला असता." बायकांनी ते ऐकून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत एकदोघी पायाला फवारा मारतही होत्या.

ताई टेबलावरून उठली. खुंटीवरचा काळा रबरी एप्रन तिने काढला, गरम रोलरच्या कडेला पसरला आणि कोचच्या हातातली बाटली घेऊन त्यावर फवारा मारला. मी तिथे नव्हते, पण लॉन्ड्रीतल्या तिच्या मैत्रिणीने मला सगळं सांगितलं. रोलरच्या धगीने एप्रन लवकर सुकला.

"या गं, बघा," ताई म्हणाली. "एप्रनच्या पोटातलं विष बाहेर आलं."

कुणी हसलं नाही. बायका एकेक करून पुढे आल्या, बोट लावून चव घेऊन गेल्या. मळ कोणता आणि क्षार कोणता, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कोच म्हणाला, "रबराची गोष्ट वेगळी असते." पण ते ऐकायला समोर कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यात तो आज टाळ्या घेत असेल. तेवढ्याने संपणारा माणूस नाही तो.

दाजी आता घरी असतात. परवा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, हसणार नसाल तर एक सांगतो. चुणचुण येते हो मला. जो पाय गेला, त्यात." असं होतं, मी सांगितलं. नसा तुटल्या तरी मेंदूला पायाची सवय असते, तो निरोपाची वाट बघत राहतो. दाजींनी मान हलवली. "म्हणजे टाकी रिकामी झाली म्हणायची," ते म्हणाले आणि स्वतःच हसायला गेले, पण त्यांना हसू आलं नाही.

वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगते. कुणी तुमच्या अंगातून विष काढून दाखवलं, तर तेच औषध एखाद्या काळ्या, निर्जीव वस्तूवर मारून वाळू द्या आणि काय उरतं ते बघा. दुखणं का आहे ते कळायच्या आधी ते गेलं, म्हणून खूश होऊ नका. घरात शुगरचं माणूस असेल, तर आज त्याचे तळवे हातात घेऊन बघा. चालताना पोटरी धरत असेल, पाऊल सुन्न पडत असेल, जखम होऊन दुखत नसेल, तर टाळ्या वाजवू नका, डॉक्टरकडे न्या. एक दिवसाची रजा टाका, पण न्या.

ताई अजूनही रोज संध्याकाळी दाजींचा उरलेला पाय मांडीवर घेते. बाटली नाही, नुसता हात. आधी बोटांच्या बेचक्या नीट बघते. मग माझं तेच पेन घेते, टोपण लावून, आणि म्हणते, "डोळे मिटा."

दाजी डोळे मिटतात. ताई श्वास रोखून बसते.

"अंगठा," दाजी सांगतात. "टाच." मग जरा थांबून, "करंगळी."